एक्सटीवरच्या फाइली कोण नीट सांभाळतं: नॉर्टन कमांडर, एक्सट्री, पीसी टूल्स की डॉस शेल?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, नाहीतर जुन्या पेठांमधल्या घरांच्या माडीवर, अजूनही अधूनमधून एखादा पीसी-एक्सटी, म्हणजे आयबीएमच्या धर्तीचा जुना संगणक, निघतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस घेतलेला. दिवसा कारखान्याचा हिशेब आणि संध्याकाळी घरातल्या पोरांचे खेळ अशा दोन्ही पाळ्या केलेला. त्याच्या हार्ड डिस्कवर सुताची खरेदी, विणकरांची मजुरी, चादरी आणि टॉवेलांची बिलं तशीच पडून असतात. मशीन सुरू झालं की पुढचा प्रश्न येतो: ह्या फाइली बघायच्या, निवडायच्या आणि बाहेर काढायच्या कशाने? डॉस ह्या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डीआयआर आणि कॉपी ह्या आज्ञांवर काम निभतं, पण दोनशे फाइलींची निवड टाइप करून करायची म्हटलं की हात दुखतात आणि चुकाही होतात.

ह्या कामासाठी, म्हणजे फाइल मॅनेजर म्हणून, त्या काळात चार नावं गाजली. त्यांची तुलना इथे एका ठराविक मशीनवर केली आहे: ८०८८ प्रोसेसर, ६४० केबी मेमरी, ३६० केबीचे दोन फ्लॉपी ड्राइव्ह, २० एमबीची सीगेट एसटी-२२५ हार्ड डिस्क, हर्क्युलिस कार्डावरचा एकरंगी मॉनिटर आणि डॉस ३.३. फक्त डॉस शेलसाठी डॉस ५ घ्यावं लागतं. १९८४च्या क्लास ह्या सरकारी संगणक-साक्षरता योजनेतून शाळांमध्ये आलेले बीबीसी मायक्रो ह्या तुलनेत नाहीत. डीएफएस ह्या त्यांच्या मूळ फाइल-व्यवस्थेत तबकडीच्या एका बाजूला ३१ फाइली मावतात आणि नाव सात अक्षरांचं. तिथे आवरायला फाइल मॅनेजर लागतो असं नाही.

चौघेही कॉपी करतात, नाव बदलतात, पुसतात. फरक पडतो तो कोण डिस्क कधी वाचतं आणि किती खोल वाचतं ह्यावर. नॉर्टन कमांडर समोरची डिरेक्टरी तेवढी वाचतो. एक्सट्री सुरुवातीलाच अख्खी डिस्क वाचून यादी मेमरीत ठेवते. पीसी टूल्स फाइलीच्या खाली उतरून थेट सेक्टरपर्यंत, म्हणजे डिस्कच्या सर्वात छोट्या तुकड्यापर्यंत, जातं. बाकीचे गुणदोष बहुतेक ह्यातूनच निघतात.

नॉर्टन कमांडर

जॉन सोशा यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम १९८६मध्ये पीटर नॉर्टन कॉम्प्युटिंगने बाजारात आणला. ती कंपनी १९९०मध्ये सिमँटेकने घेतली. पडद्यावर दोन पॅनेल, खाली डॉसची कमांड लाइन, त्याखाली फंक्शन कींची पट्टी. डावीकडे हार्ड डिस्क, उजवीकडे फ्लॉपी ठेवायची. ऑल्ट-एफ१ने डाव्या पॅनेलचा ड्राइव्ह बदलतो, ऑल्ट-एफ२ने उजव्याचा. टॅबने पलीकडे जायचं, एफ३ने बघायचं, एफ५ने कॉपी, एफ८ने पुसायचं. एफ६ नाव बदलण्याची आणि हलवण्याची. ज्याला संगणक नवा आहे त्याच्या हातात द्यायचा असेल तर चौघांत हाच. तासाभरात हात बसतो.

निवड करायला इन्सर्ट. ढिगाने निवडायचं तर उजवीकडच्या नंबर पॅडवरची अधिक की दाबून नमुना द्यायचा. स्टार डॉट डीबीएफ लिहिलं की त्या डिरेक्टरीतल्या डीबेस ह्या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅमच्या सगळ्या फाइली निवडल्या जातात. खाली निवडलेल्यांची बेरीज बाइटमध्ये दिसते, ती फ्लॉपीत मावते का हे आधीच कळतं. ३६० केबीच्या फ्लॉपीवर फाइलींना प्रत्यक्षात ३,६२,४९६ बाइट मिळतात. पण ही बेरीज सरळ लावू नका. त्या फ्लॉपीचा क्लस्टर, म्हणजे फाइलीला मिळणारा जागेचा लहानात लहान तुकडा, १,०२४ बाइटचा असतो, म्हणजे १०० बाइटची फाइलही १ केबी खाते. छोट्या फाइली पुष्कळ असतील तर बेरीज ३ लाखांच्या आतच ठेवलेली बरी.

फ्लॉपी भरली की कमांडर थांबतो, पण एक शहाणपण त्याच्याकडे आहे: कॉपी झालेल्या फाइलींची खूण तो काढून टाकतो, राहिलेल्यांची तशीच ठेवतो. नवी फ्लॉपी घातली, कंट्रोल-आर दाबून पॅनेल ताजं केलं आणि पुन्हा एफ५ दाबलं की काम जिथे थांबलं तिथून पुढे सरकतं. दहा फ्लॉप्यांची कॉपी करायची असेल तेव्हा ह्या एका गोष्टीचं मोल कळतं.

एफ६बद्दल मात्र सावध राहा. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर फाइल हलवणं म्हणजे आधी कॉपी आणि मग मूळ फाइल पुसणं. ज्या डिस्कचा भरवसा नाही तिच्यावरून हलवायचं नाहीच. कॉपी करा, पलीकडे उघडून बघा, मूळ तिथेच राहू द्या.

कमांडरच्या ३.० आवृत्तीत डीबेस, लोटस १-२-३ वगैरेंच्या फाइली दाखवणारे वेगळे व्ह्यूअर येतात. डीबीएफवर एफ३ दाबलं की रकाने नीट दिसतात, डीबेस सुरू करावं लागत नाही. हे व्ह्यूअर स्वतंत्र ईएक्सई फाइली आहेत, त्यामुळे ती सोय हार्ड डिस्कवरच. दोन फ्लॉपींच्या मशीनवर कमांडरचा त्रास होतो. तो स्वतःचा छोटा भाग मेमरीत ठेवून दुसरा प्रोग्रॅम चालवतो आणि तो संपला की आपला मोठा भाग, एनसीमेन, परत डिस्कवरून उचलतो. तोवर ए ड्राइव्हमधली फ्लॉपी बदललेली असते, मग फ्लॉपी घाल-काढ सुरू होते. अशा मशीनसाठी नंतरच्या काळातला व्होल्कोव कमांडर बघावा. युक्रेनच्या व्सेवोलोद व्होल्कोव यांनी तो असेंब्लीत लिहिला. पॅनेलं आणि की तशाच, पण अख्खा प्रोग्रॅम एका कॉम फाइलीत, म्हणजे ६४ केबीच्या आत. डॉससकट एका फ्लॉपीवर आरामात बसतो.

कमांडरची आणखी एक सवय माहीत असावी. ऑल्ट-एफ१०ने डिरेक्टरींचं झाड मागितलं की तो ते ट्रीइन्फो डॉट एनसीडी नावाच्या फाइलीत डिस्कच्या मुळाशी लिहून ठेवतो. एरवी हे चांगलंच. पण ज्या डिस्कवरून पुसलेली फाइल परत आणायची आहे तिच्यावर एकही नवा बाइट लिहायचा नसतो, आणि इथे तर फाइल मॅनेजरच लिहून मोकळा होतो.

एक्सट्री

एक्झिक्युटिव्ह सिस्टिम्स ह्या कंपनीने एक्सट्री १९८५मध्ये काढली. १९८९ची एक्सट्री गोल्ड ही तिची भरलेली आवृत्ती. पुढचं वर्णन गोल्डचं आहे. ढीग उपसायचा असेल तर चौघांत हिचाच नंबर पहिला, आणि हे मत कमांडरच्या चाहत्यांना पटत नाही हे माहीत असूनही ठाम आहे.

सुरू होताच ती ड्राइव्ह वाचते. एसटी-२२५चा सरासरी शोधवेळ ६५ मिलिसेकंद, त्यामुळे भरलेल्या डिस्कवर काही सेकंद थांबावं लागतं. एकदा यादी मेमरीत आली की पुढची हालचाल झटपट. डिरेक्टरीच्या खिडकीत एस दाबलं की डिस्कवरच्या सगळ्या फाइली, कुठल्याही डिरेक्टरीतल्या असोत, एकाच यादीत येतात. एफने नमुना दिला की तेवढ्याच उरतात. वीस डिरेक्टरींत विखुरलेल्या डीबीएफ एका जागी बघायच्या तर कमांडरमध्ये वीस वेळा आत-बाहेर करावं लागतं. इथे दोन की पुरतात.

खूण करायला टी, काढायला यू, सगळ्यांना एकदम करायची तर कंट्रोल-टी. कंट्रोल किंवा ऑल्ट दाबून धरलं की पडद्याच्या तळाशी त्या कीबरोबर चालणाऱ्या आज्ञा बदलून दिसतात, पाठांतर लागत नाही. खुणा केलेल्या फाइलींवर फाइलींच्या खिडकीतलं कंट्रोल-एस म्हणजे मजकुराचा शोध. एखाद्या सूत व्यापाऱ्याचं नाव दिलं की ती प्रत्येक फाइल तपासते आणि ज्यात ते नाव नाही त्यांची खूण उतरवते. उरतात त्याच कामाच्या. मग दुसरा शब्द देऊन त्यातही गाळणी लावता येते. फाइलींना एमजे८९बी, पीजी०३ अशी आठ अक्षरांत कोंबलेली नावं असतात आणि नावं देणारा मुनीम आता भेटत नाही, तेव्हा हाच रस्ता राहतो.

कॉपी करताना ऑल्ट-सी वापरा. साधी कॉपी सगळ्या फाइली एकाच डिरेक्टरीत ओतते, आणि १९८८ व १९८९च्या डिरेक्टरींत एकाच नावाची मजुरीची फाइल असली तर दुसरी पहिलीवर बसायला निघते. ऑल्ट-सी डिरेक्टरींची मांडणी तशीच पलीकडे उभी करते.

पुसण्याबाबत एक्सट्री जास्त घातक आहे. खुणा दुसऱ्या डिरेक्टरीत राहून जातात, त्या समोर दिसत नाहीत, आणि सगळ्यांच्या एकत्र यादीत कंट्रोल-डी दाबलं की त्याही जातात. पुसण्याआधी डिरेक्टरीच्या खिडकीत येऊन कंट्रोल-एस दाबा. तिथे त्याचा अर्थ फक्त खुणा केलेल्या फाइलींची यादी असा आहे. डोळ्यांखालून घाला, मगच पुढे. अख्खी शाखा उडवणाऱ्या प्रूनला मात्र तिने चांगली अडसर घातली आहे: प्रून हा शब्द अक्षरं टाइप करून लिहिल्याशिवाय ती हलत नाही.

दुसरी खोड यादीचीच. सकाळी एकदा गोदामाची मोजदाद करून दिवसभर वहीवरूनच उत्तरं देणाऱ्या मुनिमासारखी ती वागते. ए ड्राइव्हमधली फ्लॉपी बदलली तरी पडद्यावर आधीच्या फ्लॉपीच्या फाइली दिसत राहतात. प्रत्येक फ्लॉपीनंतर एल दाबून ड्राइव्ह पुन्हा लॉग करायचा. हे अंगवळणी पडेपर्यंत 'फाइल सापडत नाही' असे निरोप येत राहतात आणि लोक फ्लॉपीला दोष देतात.

मराठी मजकूर कुठल्या प्रोग्रॅममध्ये कसा दिसतो

सोलापूरच्या जुन्या मशीनमध्ये पडद्यावर भारतीय लिपी दाखवणारं सी-डॅकचं जिस्ट कार्ड निघण्याची शक्यता धरून चला. ते असेल तर डीबीएफमध्ये मराठी नावं इस्की ह्या भारतीय लिप्यांच्या संकेतनात असतात. इस्कीची देवनागरी अक्षरं १६१च्या पुढच्या, म्हणजे वरच्या अर्ध्या संकेतांकांवर बसतात. आयबीएमच्या अक्षरसंचात तिथेच चौकटीच्या रेघा आणि ग्रीक अक्षरं आहेत. १७९ हा इस्कीत क आहे आणि आयबीएमकडे एकेरी उभी रेघ. १८६ इकडे ज, तिकडे दुहेरी उभी रेघ. म्हणून कार्ड नसलेल्या मशीनवर कुठल्याही व्ह्यूअरमध्ये मराठी नावं रेघांच्या जाळीसारखी दिसतात. फाइल बिघडलेली नसते, तिला हात लावायचा नाही. आणि कार्ड असलेल्या मशीनवर मराठी मोडमध्ये फाइल मॅनेजर उघडला तर त्याच्या चौकटी आणि मराठी अक्षरं एकाच संकेतांकासाठी भांडतात. फाइलींची उचलठेव इंग्रजी मोडमध्येच उरका.

एक्सट्रीच्या व्ह्यूमध्ये मास्क नावाची सोय आहे. ती प्रत्येक बाइटचा आठवा बिट झाकते. वर्डस्टार ह्या लेखनाच्या प्रोग्रॅमच्या फाइलींसाठी ती हवीच, कारण वर्डस्टार डॉक्युमेंट मोडमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवतो आणि मास्कशिवाय प्रत्येक शब्दाचं शेपूट विचित्र दिसतं. इस्कीच्या फाइलीवर मात्र तोच मास्क सगळं धुऊन टाकतो: क च्या जागी इंग्रजी ३चा आकडा, ज च्या जागी विसर्गासारखे दोन टिंब. फाइलीत बदल होत नाही, फक्त दिसणं बदलतं. तरी इस्की बघताना मास्क बंद आणि हेक्स (प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणारी सोय) सुरू, हा नियम ठेवा. हेक्समध्ये पहिला बाइट ०३ दिसला तर ती मेमो (लांब मजकुराचा रकाना) नसलेली डीबीएफ, ८३ दिसला तर मेमोवाली. मग सोबतची डीबीटी फाइलही उचलावी लागते. इंडेक्सची एनडीएक्स फाइल नाही आली तरी चालते, इंडेक्स नव्याने बांधता येतो.

पीसी टूल्स

सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअरचं हे पॅकेज पुढे मोठं आणि देखणं झालं, पण एक्सटीवर ४ मालिकेतली आवृत्तीच घ्यावी. दिसायला रुक्ष. फाइलींची यादी, वर आज्ञांची ओळ, प्रत्येक आज्ञेचं एक अक्षर ठळक. रोजच्या कॉपीला हे कोणी वापरू नये. एका वेळी एकच डिरेक्टरी दाखवतं आणि एफ१०ने ड्राइव्ह-डिरेक्टरी बदलत बसावं लागतं.

पण एफ३ दाबलं की फाइलींच्या आज्ञा जाऊन डिस्कच्या आज्ञा येतात, आणि खरी किंमत त्यांची आहे. व्हेरिफाय अख्खी डिस्क सेक्टर-सेक्टर वाचून कुठे अडतं ते सांगतं. मॅप क्लस्टरांचा नकाशा काढतं: भरलेले, रिकामे, खराब. तीस वर्षं बंद असलेल्या डिस्कवर हे दोन्ही आधी चालवा, मगच कॉपीला लागा. ३६० केबीच्या फ्लॉपीच्या नकाशात तीनच क्लस्टर लागोपाठ खराब दिसले आणि लेबलात ब्रेन हा शब्द असला तर फ्लॉपी खराब नाही; १९८६चा ब्रेन व्हायरस तिथे बसला आहे. मशीन अशा फ्लॉपीवरून सुरू करायचं नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीची कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही. साडेतीन इंचीचं उलटं, भोक उघडं ठेवावं लागतं. वाचायच्या सगळ्या फ्लॉप्यांना आधी हे करून घ्या.

अनडिलीट कसं चालतं हे समजून घेतलं तर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा राहत नाही. डॉस फाइल पुसतो म्हणजे डिरेक्टरीतल्या नावाचं पहिलं अक्षर ई५ करतो आणि फॅट ह्या डिस्कवरच्या नोंदतक्त्यातली क्लस्टरांची साखळी शून्य करतो. मजकूर जागेवरच असतो. अनडिलीट पहिलं अक्षर विचारतं, सुरुवातीचा क्लस्टर आणि आकार डिरेक्टरीतून घेतं आणि पुढचे रिकामे क्लस्टर ओळीने जोडत जातं. फाइल सलग लिहिलेली असेल तर ती जशीच्या तशी येते. मजुरीची डीबीएफ रोज थोडी थोडी वाढलेली असते, तिचे तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात. तिथे पहिले काही क्लस्टर बरोबर आणि पुढे भलत्याच फाइलीचा मजकूर असं होतं. तेव्हा परत आणलेली डीबीएफ शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मिळाली असं समजू नका. हीच अनडिलीटची विद्या मायक्रोसॉफ्टने १९९१च्या डॉस ५साठी सेंट्रल पॉइंटकडून घेतली, म्हणजे डॉस ५ असेल तर निम्मं काम त्याच्या आज्ञेनेही होतं.

वीज गेल्यावर बिघडलेली डीबीएफ

सोलापूरच्या जुन्या डेटात हा प्रकार फार. नोंदी भरत असताना वीज गेलेली असते. डीबेस फाइल बंद करतानाच हेडरमधली नोंदींची संख्या नक्की करतो, त्यामुळे नोंदी डिस्कवर असूनही डीबेस त्या दाखवत नाही. साध्या डॉसच्या प्रॉम्प्टवरून चेकडिस्क चालवा, कमांडर किंवा शेलच्या आतून नको, आणि पहिल्यांदा दुरुस्तीचा एफ स्विच न लावता. 'अॅलोकेशन एरर, साइज अॅडजस्टेड' आलं तर जुनी फाइल वाढत होती. हरवलेल्या साखळ्या सांगितल्या तर नवी फाइल लिहिली जात होती. मूळ डिस्कवरचं जेवढं वाचता येतं तेवढं आधी बाहेर काढून मगच एफ लावा.

मग फाइलीच्या कॉपीवर, फक्त कॉपीवर, पीसी टूल्सचं व्ह्यू-एडिट उघडा. सुरुवात शून्यापासून मोजली तर बाइट ४ ते ७ नोंदींची संख्या, ८ आणि ९ हेडरची लांबी, १० आणि ११ एका नोंदीची लांबी. प्रत्येक ठिकाणी लहान बाइट आधी. फाइलीच्या आकारातून हेडर वजा करून नोंदीच्या लांबीने भागायचं. समजा आकार ९६,२५६, हेडर २२५ आणि नोंद ६४ बाइटची. उत्तर १,५००च्या थोडं वर येतं, ते वरचं म्हणजे क्लस्टर पूर्ण करायला भरलेला कचरा. १,५०० हेक्समध्ये ०५डीसी, म्हणून बाइट ४पासून डीसी, ०५, ००, ०० असे लिहायचे. भागाकार आला म्हणून मोकळं व्हायचं नाही: कचऱ्याच्या जागेत एखादी खोटी नोंदही मावू शकते. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट २० किंवा, पुसलेली असेल तर, २ए असतो; शेवटच्या दोन-तीन नोंदी ह्या खुणेवर तपासून घ्या. एक्सट्री गोल्डच्या हेक्समध्येही बदल करता येतात, पण फाइलीतून थेट सेक्टरवर आणि परत जाणं पीसी टूल्समध्ये सरळ आहे.

डॉस शेल

डॉस ४बरोबर १९८८मध्ये आला, डॉस ५मध्ये सुधारला. एक्सट्रीसारखी अख्खी डिस्क आधी वाचतो, पण एक्सट्रीसारखा मजकुराचा शोध देत नाही. शोधतो ते फक्त नावाने. माउस असेल तर नवख्याला बरा वाटतो. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात उडी मारण्याची सोय आहे, ती चालू प्रोग्रॅमची मेमरी हार्ड डिस्कवर उतरवते. एसटी-२२५वर ती उडी बघत बसण्यासारखी असते. २८६ आणि पुढच्या मशीनवर चालेल. एक्सटीवर फुकट मिळतो एवढ्या कारणासाठी ठेवू नये.

फ्लॉपीवर अडतं ते बहुतेक प्रोग्रॅममुळे नाही

'डिस्क फुल' आलं आणि जागा तर दिसते आहे, असं झालं तर फाइली मोजा. ३६० केबीच्या फ्लॉपीच्या मूळ डिरेक्टरीत ११२च नोंदी मावतात. आधी एक डिरेक्टरी करून तिच्यात कॉपी केली की ही मर्यादा लागत नाही. कमांडरमध्ये एफ७, एक्सट्रीत एम.

१.२ एमबीच्या ड्राइव्हने ३६० केबीच्या जुन्या फ्लॉपीवर लिहिलं की ती एक्सटीच्या ड्राइव्हमध्ये वाचताना अडखळते. मोठ्या ड्राइव्हचा हेड अरुंद, त्याने काढलेली रेघ जुन्या रुंद रेघेच्या मधोमध बसते, आणि एक्सटीचा रुंद हेड दोन्ही एकदम ऐकतो. वाचायला १.२चा ड्राइव्ह चालतो, लिहायचं ते ३६०च्याच ड्राइव्हवर.

'अॅबॉर्ट, रिट्राय, फेल' विचारत असताना फ्लॉपी बदलायची नाही. ३६० केबीच्या ड्राइव्हला फ्लॉपी बदलल्याची खबर देणारी तार नसते. आधीच्या फ्लॉपीचं फॅट नव्या फ्लॉपीवर लिहिलं जाऊ शकतं, आणि मग दोन्ही फ्लॉप्यांचा घोळ. रिट्रायने होत नसेल तर अॅबॉर्ट, मगच फ्लॉपी काढा. माग चालतात त्या इमारतीतल्या ड्राइव्हच्या हेडवर कापसाचे बारीक तंतू आणि धूळ हमखास बसलेली असते. 'डेटा एरर' वाढत चालले की आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने हेड पुसून मग प्रोग्रॅमला नावं ठेवा.

हार्ड डिस्कचंही तसंच. एसटी-२२५चा हेड स्टेपर मोटरवर सरकतो, त्याला रेघ सापडली की नाही हे स्वतःला कळत नाही. धातू तापला की रेघा किंचित सरकतात. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या थंडीच्या, दिवसांतल्या सकाळी न वाचलेली डिस्क अर्धा तास चालू ठेवल्यावर वाचू लागते. मे महिन्यातल्या दुपारी उलटंही होतं. व्हेरिफायमध्ये चुका आल्या तर मशीन तापल्यावर पुन्हा चालवा आणि दोन्ही याद्या ताडून बघा. दोन्हींत असलेलेच सेक्टर खरोखर गेलेले.

फ्लॉप्यांचा घाट नको असेल तर केबलने डेटा काढता येतो. नॉर्टन कमांडर ४मध्ये त्याची सोय आहे, आणि डॉस ६चं इंटरलिंक हे दोन मशीन जोडणारं साधनही डॉस ३ असलेल्या मशीनशी बोलतं. एक्सटीचा फ्लॉपी ड्राइव्हच मेला असेल तर इंटरलिंकच्या इंटरसर्व्ह ह्या जोडप्रोग्रॅमला आरकॉपी स्विच लावून तो प्रोग्रॅमच केबलवरून पलीकडे ढकलता येतो. त्यासाठी एक्सटीवर डॉसची मोड आज्ञा हवी आणि दोन संगणक थेट जोडणारी सात तारांची नल मोडेम केबल हवी. तीन तारांच्या केबलवर इंटरलिंक चालतं, आरकॉपी चालत नाही; केबल करून घेतानाच हे सांगा.

ह्या डिस्कचा हेड वीज गेल्यावर आपोआप सुरक्षित जागी जात नाही. मशीन माडीवरून खाली आणण्याआधी पीसी टूल्समध्ये एफ३ दाबून पार्क निवडा आणि लगेच बटण बंद करा. पार्क केल्यावर पुन्हा कुठलीही फाइल बघितली, अगदी सी ड्राइव्हची यादी मागितली तरी, हेड परत तबकडीच्या भरलेल्या भागावर येतो आणि पार्क पहिल्यापासून करावं लागतं.